विशेष उल्लेखाचे मानकरी

१ ऑगस्ट २०२५ रोजी एकाहत्तरावे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान सुजय डहाके यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाला. १९५४ साली हे पुरस्कार सुरू झाले तेव्हा राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’नेच पटकावले होते. साने गुरुजींना मानणाऱ्या कार्यकर्त्यांना या योगायोगाचा आनंद झाला असेल, आणि त्यात वावगे काहीच नाही. परंतु तीच यादी थोडी बारकाईने वाचली तर आनंदाबरोबर अस्वस्थताही वाटावयास हवी. प्रौढ अभिनयाचे पुरस्कार शाहरुख खान, विक्रांत मॅसी आणि राणी मुखर्जी यांच्याकडे गेले. मराठीच्या वाट्याला बालकलाकारांचे पुरस्कार आले. ‘नाळ २’मधील मुले आणि भटक्या कुटुंबातील पोराची कहाणी सांगणाऱ्या ‘जिप्सी’मधील मुलगा त्यांचे मानकरी ठरले.

मुलांचे कौतुक व्हावेच. प्रश्न निराळा आहे. गावकुसाबाहेरचे आणि शहराबाहेरचे जीवन गेल्या काही वर्षांत पुरस्काराच्या व्यासपीठावर आले ते कोणत्या वेषात आले? २०१४ साली नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तील सोमनाथ अवघडे यास सर्वोत्कृष्ट बालकलाकार ठरविण्यात आले. २०१६ साली ‘सैराट’मधील रिंकू राजगुरू हिचा ‘विशेष उल्लेख’ करण्यात आला. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्री कंगना राणावत होत्या. करमाळ्याच्या मातीतला हलगी वाजविणारा पोरगा आणि अकलूजची शाळकरी मुलगी यांना परीक्षकांनी ओळखले, ही गोष्ट लहान नाही. मात्र ज्या रकान्यांत ही नावे लिहिली गेली ते रकाने बोलके आहेत. बालकलाकार आणि विशेष उल्लेख. मोठ्यांच्या पंगतीत बसविण्याऐवजी ओटीवर पान वाढून ‘पोटभर जेव हो’ म्हणणारी ही रीत महाराष्ट्राला अपरिचित नाही.

यावर एक ठराविक उत्तर तयार असते. या मुलांनी अभिनय केलाच कोठे, ती तर स्वतःचेच जगणे जगली, असे म्हटले जाते. आणि ते स्तुती म्हणून म्हटले जाते! सहज, नैसर्गिक, अस्सल ही विशेषणे उधळली जातात. याच्या उलट नाट्यशिक्षण घेतलेला, शहरात वाढलेला नट अंगाला काळा रंग फासून, गुडघ्यापर्यंत धोतर नेसून पडद्यावर उभा राहिला की त्याच्या ‘परकायाप्रवेशा’ची चर्चा सुरू होते. एकाचे श्रम कला ठरतात आणि दुसऱ्याचे श्रम निसर्ग ठरतात. शेतमजुराच्या कसबाला ‘अकुशल’ म्हणून कमी मजुरी देणारा हिशेब आणि हा हिशेब यांत तत्त्वतः काही अंतर नाही, हे समाजवादी कार्यकर्त्याच्या तरी लवकर ध्यानात यावे.

हे मोजमाप येते कोठून? त्याचा एक उगम पुण्याच्या सदाशिव पेठेत आहे. साठ-सत्तरच्या दशकांत दलित आणि ग्रामीण लेखकांनी पांढरपेशा वाङ्मयाला ‘सदाशिवपेठी’ हे विशेषण चिकटविले, तेव्हा त्यांचा रोख त्या पेठेत राहणाऱ्या माणसांवर नव्हता. पेठेत छापखान्यांतले कामगार राहत आले आहेत, घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बायांच्या पायाखाली रोज हेच बोळ असतात. रोख होता तो अभिरुचीच्या सत्तेवर. महाराष्ट्र साहित्य परिषद, टिळक स्मारक मंदिर आणि भरत नाट्य मंदिर या तिन्ही वास्तू या पेठेत आहेत. महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालत आली आणि भरतच्या रंगमंचावर महाविद्यालयीन मुलांच्या पिढ्या घडल्या. त्यांतले कितीतरी पुढे चित्रपटांत गेले. या स्पर्धेने मराठी रंगभूमीला जे दिले त्याबद्दल कृतज्ञताच असावयास हवी. तथापि शुद्ध उच्चार, नेमका विराम, रंगमंचावरचा वावर यांची जी कसोटी येथे रूढ झाली, ती सदाशिव पेठेच्या घराघरांतून बोलल्या जाणाऱ्या भाषेला सोयीची होती. ज्याच्या घरची बोलीच प्रमाण मानली गेली, त्याला स्पर्धेच्या आरंभरेषेपाशी पोहोचण्यासाठी धावावे लागले नाही.

याच भरत नाट्य मंदिरात १६ डिसेंबर १९७२ रोजी ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला, हेही नमूद केले पाहिजे. पेशवाईच्या पोटातली सडांध पेठेच्याच रंगमंचावर उघडी करण्याचे धैर्य विजय तेंडुलकर, डॉ. जब्बार पटेल आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी दाखविले. नाटकाला विरोध झाला, ते करणाऱ्यांना जुनी संस्था सोडून थिएटर अ‍ॅकॅडमी उभारावी लागली. तेव्हा पेठ एकजिनसी प्रतिगामी आहे, असे कोणी म्हणू नये. उलट, दोष दाखवायचा असेल तर तो या पुरोगामी मंडळींच्या कामातूनच दाखविला पाहिजे. प्रतिगाम्यांकडून कोणी काही अपेक्षिलेलेच नसते.

‘घाशीराम’च्याच या परिवारातून १९७७ साली ‘जैत रे जैत’ आला. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ना. धों. महानोरांची गीते, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत, दिग्दर्शन डॉ. पटेल यांचे. ठाकर आदिवासींची ही कथा. नाग्या झाले मोहन आगाशे आणि चिंधी झाली स्मिता पाटील. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो सुंदर होता, आजही आहे, आणि स्मिताच्या अभिनयाविषयी दुमत संभवत नाही. पण पुरस्काराच्या त्या सोहळ्यात ठाकर कोठे होता? लिंगोबाच्या डोंगरावर राहणाऱ्या माणसांचे पाय, त्यांचा ठेका, त्यांची मधाची पोळी पडद्यावर आली; ती माणसे मात्र आली नाहीत. १९७७ साली ठाकर नट मिळाला नसता, हा बचाव खराही असेल. मग त्यानंतरच्या जवळजवळ पन्नास वर्षांत तो का घडला नाही, याचे उत्तर कोणी द्यायचे?

दुसरे उदाहरण अधिक बोचणारे आहे, कारण ते चळवळीच्या घरातले आहे. राम नगरकर राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आले. न्हावी समाजातला आपला जन्म, गरिबी, अपमान आणि त्यावर मात करणारी थट्टा त्यांनी ‘रामनगरी’ या पुस्तकात लिहिली आणि तिचे एकपात्री प्रयोग स्वतः रंगमंचावर केले. प्रेक्षागृहे पोट धरून हसत आणि हसता हसता गप्प होत. १९८२ साली कांतिलाल राठोड यांनी ‘रामनगरी’वर हिंदी चित्रपट काढला, तेव्हा राम नगरकरांची भूमिका केली अमोल पालेकर यांनी. पालेकर समर्थ नट. त्यांचा दोष नाही. परंतु ज्याने स्वतःचे आयुष्य लिहिले, ते स्वतः उभे राहून शेकडो लोकांसमोर सादर केले, तो मनुष्य हयात आणि उमेदीत असताना पडद्यावरचा राम कोणी दुसराच असावा, यात कोणालाच काही खटकले नाही!

येथे कलावादी मित्र हात वर करतील. कलेला जात नसते, नटाने कोणतीही भूमिका करावी, ब्राह्मणाने आदिवासी होऊ नये काय, असे ते विचारतील. अवश्य व्हावे. ‘जोगवा’त उपेंद्र लिमये यांनी उभा केलेला जोगत्या पाहिल्यानंतर, ज्यासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, या स्वातंत्र्यावर बंदी घालण्याची मागणी फक्त मूर्खच करील. डॉ. आंबेडकरांची भूमिका मामुट्टी यांनी केली, त्यांनाही तोच पुरस्कार लाभला, आणि दलित वस्त्यांनी तो चित्रपट आपला मानला. आक्षेप स्वातंत्र्याला नाही. आक्षेप आहे तो हे स्वातंत्र्य एकाच दिशेने वाहते याला. वडार किंवा कैकाडी घरातल्या नटाला नाना फडणवीस मिळाल्याचे कोणाला आठवते काय?

उलट दिशेने वाहण्याचा प्रयत्न झाला तेव्हा काय घडले, याचा दाखला केरळात आहे. मल्याळम चित्रपटाची पहिली नायिका पी. के. रोझी ही दलित स्त्री. जे. सी. डॅनियल यांच्या ‘विगतकुमारन’ या मूकपटात तिने नायर स्त्रीची भूमिका केली. दलित बाईने सवर्ण स्त्री साकारली म्हणून जमाव खवळला, तिला केरळ सोडून पळावे लागले, आणि तिने पुन्हा कधी पडद्यावर काम केले नाही. आज केरळ सरकारचा चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च सन्मान जे. सी. डॅनियल यांच्या नावाने दिला जातो.

अमेरिकेत हाच प्रश्न वर्णाच्या नावाने विचारला गेला. हॅटी मॅकडॅनिएल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला १९४० साली ऑस्कर मिळाले, तेही मोलकरणीच्या भूमिकेसाठी. आणि सोहळ्याच्या हॉटेलात तिला सहकलाकारांपासून दूर, भिंतीकडेच्या निराळ्या टेबलाशी बसविण्यात आले. २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षे अभिनयाची वीसच्या वीस नामांकने गोऱ्यांनाच गेली, तेव्हा तेथे वादळ उठले. अकादमीला आपल्या सभासदांची वर्णवार मोजदाद उघडपणे मांडावी लागली, सभासदत्व रुंदावावे लागले, आणि २०२० साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेसाठी प्रतिनिधित्वाच्या अटी जाहीर कराव्या लागल्या. त्या अटी पुरेशा आहेत असे नाही. पळवाटा भरपूर आहेत. परंतु तेथे निदान मोजले गेले. भारतात कोणत्या जातिसमूहातील किती कलावंतांना, तंत्रज्ञांना, परीक्षकांना आजवर स्थान मिळाले याचा अधिकृत हिशेब कोणी ठेवत नाही, आणि हिशेब नसणे हेच निष्पक्षतेचे प्रमाणपत्र म्हणून दाखविले जाते. एक आठवण येथे अस्थानी होणार नाही. ‘गांधी’ या चित्रपटाला १९८३ साली आठ ऑस्कर मिळाले. त्यांपैकी एकच भारतीयाच्या हाती आले. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ते वेशभूषेसाठी, इंग्रज सहकाऱ्याबरोबर विभागून मिळाले. त्या वेळी सबंध देशाला हा वाटा अभिमानास्पद वाटला. वाटा तोकडा असण्याची खंत दुसऱ्याच्या घरात जितकी लवकर जाणवते तितकी स्वतःच्या घरात जाणवत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता प्रश्न राहतो तो चळवळीतल्या मित्रांचा, आणि वाद खरा त्यांच्याशीच आहे. प्रतिनिधित्वाची ही मागणी भांडवली आहे, असे काहींचे मत असते. चार दलित चेहऱ्यांच्या हाती बाहुली दिल्याने गिरणीतला संप जिंकला जात नाही, किंवा पालावर पाण्याचा नळ येत नाही. मूळ प्रश्न मालकीचा आहे. पुरस्कार ही वरची नक्षी. या मतात सत्याचा अंश आहे आणि तो ‘सैराट’ने सिद्धही केला. शंभर कोटींच्या घरात गल्ला करणारा हा पहिला मराठी चित्रपट. त्याच्या हिंदी रूपांतराची वेळ आली तेव्हा, २०१८ साली, ‘धडक’ निघाला. कथा करमाळ्याहून उदयपूरच्या महालात गेली, नायिका चित्रपटसृष्टीच्या घराण्यातली आली, आणि ज्या जातिभेदाच्या सुरीने आर्ची आणि परश्या यांचा गळा कापला होता तो भेद इतका फिकट झाला की शोधावा लागावा. पुरस्कारांनी ‘सैराट’चे काहीच रक्षण केले नाही. हक्क ज्याचे, कथा त्याची.

परंतु यावरून पुरस्काराचा प्रश्न गौण ठरत नाही, कारण पुरस्कार ही केवळ नक्षी नाही. महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना दर्जा ठरवून अनुदान देते आणि तो दर्जा समितीच्या गुणांवर अवलंबून असतो. पुरस्कारप्राप्त दिग्दर्शकाला पुढचा निर्माता मिळतो, महोत्सवांची दारे उघडतात. म्हणजे अभिरुची हेही उत्पादनाचे एक साधन आहे आणि त्याचीही मालकी आहे. कारखान्याच्या मालकीविषयी बोलणाऱ्याने या मालकीविषयी गप्प राहावे, याला तात्त्विक आधार नाही. सवयीचा आधार आहे.

पुरस्कार देणारे राज्य आणि चित्रपटातल्या माणसाला वागविणारे राज्य एकच असते, हेही विसरता येत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१५ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा हास्यास्पद आरोप सोसणारा लोकशाहीर नारायण कांबळे नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी त्यात उभा केला. परीक्षकांनी चित्रपटाला सुवर्णकमळ दिले. अभिनयाच्या यादीत साथीदारांचे नाव नव्हते, विशेष उल्लेखातही नव्हते. २०२१ साली कोरोनाने ते गेले. आणि पडद्यावरच्या शाहिराचा गौरव होत होता त्याच दिवसांत पुण्याच्या कबीर कला मंचाचे खरे शाहीर सचिन माळी, सागर गोरखे आणि रमेश गायचोर २०१३ पासून तुरुंगात होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला तो जानेवारी २०१७ मध्ये. गोरखे आणि गायचोर यांना २०२० साली एल्गार प्रकरणात पुन्हा अटक झाली. शाहीर चित्रपटात असला की कला, रस्त्यावर असला की गुन्हा!

तसेच ‘महात्मा फुले’चे. अत्र्यांच्या त्या चित्रपटाला १९५५ साली राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. बाबूराव पेंढारकर जोतीराव झाले होते. सत्तर वर्षांनी, २०२५ साली, अनंत महादेवन यांचा ‘फुले’ प्रदर्शित व्हायच्या वेळी ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली, परिनिरीक्षण मंडळाने ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ अशा शब्दांवर कात्री चालविली, आणि जयंतीच्या दिवशी येणारा चित्रपट दोन आठवडे लांबला. शोषिताची कथा सांगा, परंतु शोषकाचे नाव घेऊ नका, ही अट पुरस्कार समितीने घातली काय किंवा परिनिरीक्षण मंडळाने घातली काय, परिणाम एकच. ‘श्यामची आई’त लहानगा श्याम म्हाताऱ्या महारणीची मोळी उचलून देतो, तो प्रसंग मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांत पाणी आणून वाचला गेला. गुरुजींची करुणा खरी होती. १९४७ साली पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार उघडावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावले. पण कथा श्यामची आहे. म्हातारीची कथा म्हातारीच्या तोंडून ऐकण्याची तयारी पुरस्कार देणाऱ्यांची किती आहे, हे ‘फँड्री’च्या शेवटी जब्याने प्रेक्षकांच्या दिशेने भिरकावलेल्या दगडाने एकदा तपासून पाहिले आहे. त्या चित्रपटाला पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. २०१८ साली मंजुळे सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकही ठरले, मात्र ‘पावसाचा निबंध’ या लघुपटासाठी, कथापटेतर विभागात. २०२५ साली आशिष बेंडे यांना ‘आत्मपॅम्फ्लेट’साठी पुन्हा पदार्पणाचाच. उंबरठ्यावर स्वागत करण्यात ही व्यवस्था कधी कमी पडत नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावयाचे? राज्य पुरस्कारांच्या आणि अनुदानाच्या समित्यांवर कोण बसते, कोणत्या कारणाने कोणता चित्रपट वर वा खाली गेला, याची लेखी कारणे प्रसिद्ध व्हावीत अशी मागणी जिल्ह्याजिल्ह्यांतून सांस्कृतिक कार्य विभागाकडे गेली पाहिजे. परीक्षकांची नावे जाहीर होतात. त्यांचा विचार मात्र बंद खोलीतच राहतो. ही मागणी करण्यास पैसा लागत नाही, निवेदन आणि चिकाटी लागते.

दुसरे काम अधिक अवघड आहे आणि ते सरकारवर ढकलता येण्यासारखे नाही. सदाशिव पेठेच्या कसोटीला पर्याय असा एकदा उभा राहिला होता. लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा एक तरुण सेवा दलाच्या कलापथकात आला आणि निळू फुले झाला. राम नगरकर तेथूनच आले, नायगावच्या गिरणगावातून दादा कोंडके आले. यांच्यापैकी कोणी प्रमाण उच्चारांची परीक्षा दिली नव्हती. वसंत बापट आणि पु. ल. देशपांडे यांच्यासारखे लेखक त्या कलापथकासाठी लिहीत होते, आणि तेथेही लेखणी पांढरपेशांच्याच हाती होती, हे मान्य केले पाहिजे. पण रंगमंच खुला होता. पुढे तो उजाड होऊ दिला गेला. कोणी तो बंद केला नाही, जप्त केला नाही. शिबिरांच्या कार्यक्रमपत्रिकेतून तो हळूहळू गळून पडला, आणि त्या रिकाम्या जागेत दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या नृत्यस्पर्धा आल्या. करमाळ्याच्या, जव्हारच्या, किनवटच्या मुलांना आज अभिनय शिकायचा असेल तर पुण्याला यावे लागते, भाड्याच्या खोलीत राहावे लागते आणि प्रथम घरची बोली विसरावी लागते. पक्षाच्या तालुका कचेऱ्यांतून, सुटीच्या शिबिरांतून कलापथक पुन्हा उभे करावयाचे, त्याची संहिता या वेळी पालावरच्या आणि वाडीवरच्या मुलामुलींनीच लिहावयाची, आणि तिची पहिली तालीम भरत नाट्य मंदिराच्या अंगणात न घेता त्यांच्याच चावडीसमोर घ्यावयाची, एवढा ठराव येत्या अधिवेशनापुढे ठेवण्यास कोणत्याही परीक्षक मंडळाची संमती लागत नाही.